घरबसल्या

दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणी झाली, एकमेकींना ‘उत्तम क्षमा’ म्हणून झालं, आणि पुढच्याच रविवारी महिला मंडळाच्या बैठकीत मला राग आला. इतका, की घरी येऊन कणीक मळायला घेतली आणि आठ माणसांची मळून बसले. घरात माणसं तीन.

गोष्ट अशी. आमचं मंडळ दरवर्षी यात्रेला जातं. महिन्याला 200 रुपये प्रत्येकीने घालायचे, उरलेली भर बस्तीच्या ट्रस्टने घालायची, असा इतक्या वर्षांचा रिवाज. यंदा ठरलं होतं श्रवणबेळगोळ, हळेबीड, मग घाट उतरून मूडबिद्री, कारकळ, वेणूर. पाच दिवस. 32 सीटची बस. कोण कुणाशेजारी बसणार इथपर्यंत बोलणी झाली होती. एवढ्यात एक विश्वस्त उठले. नाव कशाला घेऊ, माणूस वाईट नाही. म्हणाले, “काळ बदललाय, ताई. बसला एवढे पैसे घालण्यापेक्षा मंडळाला 65 इंची टीव्ही घेऊन देतो. जगातली सगळी देवळं, किल्ले, राजवाडे चौफेर फिरवून बघता येतात हल्ली. गुडघ्यांना त्रास नाही, रात्रीचा प्रवास नाही. घरबसल्या दर महिन्याला एक यात्रा करा की!”

टाळ्या वाजल्या. बायकांनीच वाजवल्या. माझा राग विश्वस्तांवर कमी आणि त्या टाळ्यांवर जास्त होता, हे आधीच सांगून टाकते.

‘घरबसल्या’ हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. घरबसल्या शिवणकाम, घरबसल्या कोर्स, घरबसल्या पैसे कमवा. हा शब्द पुरुषाला सांगतात तेव्हा ती सोय असते. ऑफिसला जायचं तर जा, नाहीतर घरबसल्या करा. आम्हाला सांगतात तेव्हा पहिला पर्याय गुपचूप काढून घेतलेला असतो. नाहीतर मला सांगा, आपल्यातले पुरुष दरवर्षी शिखरजीला जातात. सत्तावीस किलोमीटरची वंदना, पहाटे दोनला उठून, काठ्या टेकत. त्यांच्यातही गुडघेवाले आहेत, साखरेचे आहेत, एकाला तर स्टेंट घातलेला आहे. त्यांना आजवर कुणी म्हटलंय का, की काका, पारसनाथ पहाड मोबाईलवर छान दिसतो, कशाला जाता?

आता मी मोबाईलच्या विरुद्ध आहे असं कुणी समजू नका. आमच्या घरात मोबाईलवर यात्रा मीच आणली.

आमच्या सासूबाई, मी त्यांना आत्तीच म्हणायची, खुब्याचं हाड मोडून चौदा महिने अंथरुणावर होत्या. एका दुपारी त्यांची वेणी घालताना मी सहज श्रवणबेळगोळचा तो सगळीकडे फिरवता येणारा फोटो काढून त्यांच्या पुढ्यात धरला. आत्तींनी चष्मा मागितला. मग हुकूम सुटायला लागले. “वळव जरा. उजवीकडं गं. हां, थांब. हितं माझ्या शेजारी निपाणीची एक बाई बसली होती. तिनं मला चुरमुरे दिलेले.” 1967 च्या महामस्तकाभिषेकाला त्या गेल्या होत्या. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कुठल्या पायरीवर त्यांना चक्कर आली, दगड कसा तापला होता, कलशातलं दूध-हळद खाली उतरताना माणसं कशी ओरडली, सगळं त्या अर्ध्या हाताच्या काचेवर बोट ठेवून सांगत होत्या. मग म्हणाल्या, “खाली ने. पायाशी. तिथं अक्षरं आहेत.”

मी नेलं. चित्र ताणलं. ताणता ताणता दगडाचं पीठ झालं, सगळं धूसर. “दिसत नाहीत, आत्ती.”

“असू दे. मला ठाऊक आहेत. तुझ्या मामंजींनी वाचून दाखवलेली.”

ती अक्षरं म्हणजे ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’. मराठीतल्या अगदी जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते, शाळेच्या पुस्तकात आपण घोकलेलं आहे. बाहुबलींच्या पायाशी हीच गोष्ट कन्नडमध्येही कोरलेली आहे आणि तमिळमध्येही. (सीमाभागात राहून रोज पाट्यांवरून डोकी फोडणाऱ्यांनी त्या पायांशी एकदा उभं राहून यावं, पण तो आजचा विषय नाही.)

त्या दुपारी मला एक कळलं, ते त्या 65 इंची टीव्हीवाल्यांना कळलेलं नाही. आत्तींना त्या चित्रात एवढं सगळं दिसलं, कारण त्या तिथे गेल्या होत्या. चित्राने त्यांना श्रवणबेळगोळ दिलं नाही, त्यांचंच श्रवणबेळगोळ परत दिलं. शेजारी बसून तेच चित्र मी बघत होते, तेव्हा मी एकदाही गेले नव्हते. मला काय दिसलं? एक मोठी मूर्ती आणि निळं आकाश. कॅलेंडरवर दिसते तशी. निपाणीची बाई दिसली नाही, चुरमुरे दिसले नाहीत. विश्वस्तांची योजना अशी, की पुढच्या पिढीच्या बायकांनी आधी जाऊच नये आणि म्हातारपणी चित्र बघावं. त्या चित्रात त्यांना आठवायचं काय?

कुणी म्हणेल, जैनांच्या घरात जन्मून तुम्ही भावाला नाकारता? भावयात्रा, भाववंदना आपल्याकडे आहेच की. आहे ना. म्हणूनच बोलते. ह्या बाबतीत आपल्याला शिकवायला टीव्हीवाल्यांची गरज नाही. प्रतिकृती बघून पुण्य जोडायची विद्या आपण शतकानुशतकं जाणतो, आणि ती कुठे वापरायची हेही जाणतो.

नंदीश्वर द्वीप बघा. अष्टाह्निकेत आपण त्याची पूजा करतो, पितळेची नाहीतर संगमरवराची रचना मांडतो, बावन्न जिनालयं. का? तर तो आठवा द्वीप, माणसाला अडीच द्वीपांपलीकडे जाताच येत नाही. मानुषोत्तर पर्वताच्या पुढे फक्त देव जातात. जिथे माणसाचं पाऊल पोचणंच शक्य नाही, तिथली प्रतिकृती आपण करतो. श्वेतांबरांचं तर आणखी सुंदर आहे. आमच्या गल्लीत एक गुजराती कुटुंब होतं, त्यांच्याबरोबर मी लहानपणी कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजयाच्या पटाच्या दर्शनाला गेले आहे. भला मोठा रंगवलेला कापडी पट. डोंगर, वळणं घेत जाणारी वाट, देवळं, त्यावरून चढणारी माणसं. चातुर्मासात डोंगरावरची यात्रा बंद असते, ती कार्तिकी पौर्णिमेला उघडते. ज्यांना पालीताण्याला जाता येत नाही ते त्या दिवशी पटापुढे वंदना करतात. दिवस कुठला निवडलाय बघा. वाट उघडते तो. पट असा टांगायचा की बघणाऱ्याला कळावं, वाट उघडली आहे, लोक निघाले आहेत, तुलाही जमलं तर ये. आमच्या सभागृहात टीव्ही टांगायचा तो बस रद्द केली म्हणून.

आणि चामुंडरायाची आई? काललदेवीची कथा आपण पोराबाळांना सांगतो, पण तिच्यातला हट्ट सांगत नाही. पोदनपुरात भरताने उभारलेली बाहुबलींची मूर्ती आहे असं तिच्या कानावर आलं, आणि तिने म्हणे नेम केला, दर्शन झाल्याशिवाय दूध घेणार नाही. मुलगा गंगराजाचा मंत्री आणि सेनापती. त्याला चित्रकार पाठवून चित्र काढून आणणं अवघड होतं का? ‘आई, तुझं वय झालं, महालात बसल्याजागी बघ’ असं म्हणणं अवघड होतं का? तो आईला घेऊन निघाला. वाटेत स्वप्नात कूष्मांडिनी यक्षीने सांगितलं, पोदनपूरची वाट आता कुक्कुटसर्पांनी वेढली आहे, तिथे पोचता येणार नाही. म्हणून समोरच्या डोंगरावर बाण मारायचा आणि तिथे मूर्ती घडवायची. 981 साल सांगतात. 57 फुटांची मूर्ती उभी राहिली ती एका बाईला ‘बघायचं आहे’ म्हणून. पोदनपूरला जाता येत नाही हे सिद्ध झाल्यावरच प्रतिकृती आली, आणि तीही अशी, की तिच्यासाठी सहाशेच्या वर पायऱ्या चढाव्या लागतात.

गुळ्ळकायज्जीही तशीच. चामुंडरायाचे दुधाचे घडेच्या घडे मूर्तीच्या पायांपर्यंत पोचेनात, आणि ही म्हातारी फळाच्या करवंटीत मूठभर दूध घेऊन आली, त्याने सर्वांगाला अभिषेक झाला. आपण म्हणतो, गर्वहरण झालं. झालं असेल. मी म्हणते ती वर आली होती, हे विसरू नका. तिची दगडी मूर्ती अजून आवाराच्या दाराबाहेर बाहुबलींसमोर उभी आहे, हातात भांडं धरून.

आता उलट्या बाजूनेही बोलते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई जुनाट. मूळ वस्तूला हात लावू नका, प्रत काढू नका, असं म्हणणाऱ्यांचं काय होतं तेही आपल्या समाजाने भोगलं आहे. मूडबिद्रीच्या मठात धवला-जयधवलाच्या ताडपत्रांच्या पोथ्या शेकडो वर्षं होत्या. लोक लांबून जात, पोथीचं दर्शन घेत, हात जोडत आणि परत येत. वाचत कुणी नव्हतं. पोथी पाहणं हीच यात्रा झाली होती. मोठ्या मिनतवारीने, कितीतरी वर्षं खपून नकला काढल्या गेल्या, आणि 1939 साली अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांनी पहिला खंड छापून काढला. त्या कामात त्यांच्याबरोबर डॉ. आ. ने. उपाध्ये होते, आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचे. नक्कल झाली नसती तर आपण आजही बंद कपाटाला नमस्कार करत बसलो असतो. तेव्हा नकलेला मी कमी लेखत नाही. अत्तिमब्बेने तर पोन्नाच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती लिहवून वाटल्या, छापखाना नव्हता तेव्हा. पण हेही बघा, त्याच बाईने गदगजवळ लक्कुंडीला जिनालयही बांधलं. तिने ‘प्रती वाटल्या, आता देऊळ कशाला’ असं म्हटलं नाही.

आणि वेरूळचं ऋण तर मला मान्यच करायला हवं. बी.ए.ला असताना आमची सहल वेरूळला गेली होती. कैलास लेणं बघून झालं आणि सरांनी शिट्टी वाजवली. मी विचारलं, “सर, जैन लेणी?” तर म्हणाले, “ती लांब आहेत, पार उत्तर टोकाला. वेळ नाही.” वर्गात जैन मी एकटी. तीस ते चौतीस नंबरची लेणी, आणि बहुतेक सहली सोळाव्यावरून माघारी फिरतात. ते दुःख मी एकोणतीस वर्षं मनात ठेवलं. 2020 च्या टाळेबंदीत, एका रात्री सगळे झोपल्यावर, मी मोबाईलवर सरळ बत्तिसाव्या लेण्यात जाऊन उभी राहिले. इंद्रसभेत. अंगणातला दगडी हत्ती, वरच्या मजल्यावरचं छतातलं कमळ. हत्तीवर बसलेल्या यक्षाला लोकांनी इंद्र समजून लेण्याला ‘इंद्रसभा’ नाव देऊन टाकलं, हे तेव्हा वाचलं. आणि आंब्याच्या झाडाखाली बसलेली अंबिका, पायाशी सिंह. हीच ती कूष्मांडिनी. नेमिनाथांची यक्षी. तिची गोष्ट ठाऊक आहे ना? श्राद्धाच्या स्वयंपाकातलं मुनींना आधी वाढलं म्हणून नवऱ्याने मुलांसकट घराबाहेर काढलेली बाई.

मोबाईलवर शिट्टी वाजवायला सर नव्हते. हवा तेवढा वेळ उभी राहिले. त्याबद्दल त्या यंत्राला मी हात जोडते.

पण नुसतं हात जोडून भागत नाही, यंत्र कसं चालतं तेही बघावं. हे फिरणारे फोटो म्हणजे काय? कॅमेरा एका जागी उभा करतात, सभोवारचे फोटो काढतात आणि ते एकमेकांना शिवतात, गोधडीसारखे. मग दुसऱ्या जागी. आपण ह्या ठिपक्यावरून त्या ठिपक्यावर उडी मारतो. मधे काही नाही. कॅमेरा जिथे थांबला नाही तिथे आपणही थांबू शकत नाही, तो वाकला नाही तर आपणही वाकू शकत नाही. आत्तींना पायाशी वाकायचं होतं. कॅमेऱ्याला अक्षरांशी काही देणंघेणं नव्हतं.

ज्यांनी ही विद्या गंभीरपणे केली त्यांचं उदाहरण घ्या. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचं अँड्र्यू टॅलन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने 2010 च्या सुमारास लेसर किरणांनी मोजमाप घेतलं, भिंत न् भिंत, कमान न् कमान. 2018 साली तो वारला. 2019 च्या एप्रिलमध्ये चर्चचं छप्पर जळून कोसळलं, आणि पुन्हा बांधताना त्याची मापं कामाला आली. 2024 च्या डिसेंबरात चर्च परत उघडलं. मापं होती म्हणून कुणी म्हटलं नाही की आता संगणकावर आहे ना, जळू द्या. फ्रान्समधल्याच लास्को गुहेत हजारो वर्षांपूर्वीची चित्रं आहेत. माणसांच्या श्वासाने ती खराब व्हायला लागली, म्हणून 1963 साली गुहा लोकांसाठी बंद केली आणि 1983 साली शेजारी तिची नक्कल उभारून लोकांना ती दाखवायला लागले. हेही पटतं. जिथे आपण गेल्याने वस्तूच मरते तिथे न जाणं ही अहिंसाच की. पण बेळगावच्या बत्तीस बायका गेल्याने बाहुबलींना काय होणार आहे?

खरं सांगू? ह्या सगळ्यात देवळं, लेणी हा अर्धाच मुद्दा. उरलेला अर्धा बायका बोलत नाहीत, म्हणून मी लिहिते. यात्रेत मला दुसऱ्याच्या हातचा चहा मिळतो. पाच दिवस. ‘आज काय करू’ हा प्रश्न पाच दिवस डोक्यात येत नाही. बसमध्ये शेजारी बसलेली बाई रात्री अकरा वाजता अंधारात असं काही सांगते जे तिने बहिणीलाही सांगितलेलं नसतं, कारण तोंड दिसत नसतं आणि बस चालू असते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रात्री आमच्यातली एक बाई पहिल्यांदा बोलली की तिच्या छातीत गाठ लागते आहे. परत आल्यावर आम्ही तिघी तिला घेऊन डॉक्टरकडे गेलो. आज ती बरी आहे. त्या टीव्हीसमोर, खुर्च्या मांडलेल्या सभागृहात, पुढे विश्वस्त बसलेले असताना, ती बोलली असती?

आणि ‘घरबसल्या’ बघणं म्हणजे प्रत्यक्षात काय, तेही सांगते. बैठकीनंतरच्या सोमवारी मी मुद्दाम करून बघितलं. सकाळी अकराला, सगळे बाहेर गेल्यावर, कारकळच्या बाहुबलींपुढे जाऊन बसले. 1432 सालची मूर्ती. पहिल्या मिनिटाला कुकरची शिट्टी झाली. मग गॅसवाला आला. परत येऊन बसले तर आमच्या ह्यांचा फोन, त्याच मोबाईलवर, त्यामुळे बाहुबली गेले आणि त्या जागी ह्यांचा फोटो आला. “लाईट बिल कुठं ठेवलंयस?” सांगितलं. पुन्हा कारकळ. मग दूध उतू गेलं. माझी वंदना बावीस मिनिटं चालली, त्यातली कारकळला किती आणि स्वयंपाकघरात किती याचा हिशेब तुम्हीच करा. घरातून बघायचं तर आधी घराने आपल्याला सोडायला हवं ना.

इथवर लिहून झाल्यावर माझ्यातल्याच एकीने मला विचारलं, बाई गं, जाण्याचं एवढं कौतुक आहे, तर तू आपल्या गावात काय बघितलंस? मी गप्प. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती मध्यवर्ती बसस्थानकापासून चालत जावं इतक्या अंतरावर आहे. लग्न होऊन आल्यावर नेमिनाथांच्या दर्शनाला नेलं होतं, पुढेही पाहुणे आले की दोन-तीनदा गेले. नारळ-तांदूळ वाहिले, नमस्कार केला, पाच मिनिटांत बाहेर. मान वर करून बघितलं नव्हतं. ते छत मी पहिल्यांदा नीट बघितलं ते मोबाईलवर! मुलीने मैत्रिणीचा फोटो पाठवला आणि विचारलं, “आई, हे आपल्याकडचं?” लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जणी रिक्षा करून किल्ल्यात गेलो. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बीचिराज नावाच्या मंत्र्याने 1204 साली बांधलेली ही बस्ती. मुखमंडपाच्या छतातून दगडाचं कमळ उलटं लोंबतं. 72 पाकळ्या, म्हणजे भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही चोविशींचे तीर्थंकर. उभ्याने बघून मान दुखायला लागली, तेव्हा आमच्यातल्या सर्वांत वयस्क अक्का सरळ पदर खोचून फरशीवर आडव्या झाल्या. मग आम्ही चौघीही. पाच बायका, पन्नाशी-साठीच्या, पाठीखाली गार दगड, डोक्यावर कमळ. अक्का बोटाने पाकळ्या मोजत होत्या, चाळीसच्या पुढे चुकायच्या आणि परत पहिल्यापासून. एक तरुण जोडपं आत आलं, आम्हाला बघून परत गेलं. मोबाईलवरच्या फोटोत कमळ चपटं दिसतं, बांगडीच्या नक्षीसारखं. खालून ते अंगावर येतं. इतकं वजन आठशे वर्षं वर कसं राहिलं, ह्याची भीती वाटते. ती भीती मला फोटोत वाटली नव्हती.

परत येताना मी त्यांना सांगितलं, बीचिराजाच्या जिनालयाच्या दानाची हकीकत सांगणारे बेळगावचे दोन शिलालेख आज आपल्याकडे नाहीत, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. अक्का रिक्षात एकदम ताठ बसल्या. “आपले? तिकडं?” हो. ते मात्र घरबसल्याच बघावे लागतील आपल्याला, निदान ह्या जन्मी. तिथे चालवा तो टीव्ही. लंडनला जाणं आपल्या नंदीश्वर द्वीपाइतकंच लांब. ज्याला पाय नाही पोचत त्याचं चित्र लावा, मी पहिल्या रांगेत येऊन बसते. अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांच्या घरी तोच टीव्ही नेऊन लावा, खरंच न्या. मंडळातल्या चार घरांत आत्तींसारखी माणसं आहेत. यात्रेच्या आदल्या रात्री सगळ्यांना मूडबिद्रीच्या हजार खांबांची बस्ती पडद्यावर दाखवा, म्हणजे तिथे गेल्यावर बायका नुसत्या सावली शोधणार नाहीत, काय बघायचं ते ठाऊक असेल. टीव्हीला माझा विरोध नाही. बस आणि टीव्ही अशी निवड आमच्यापुढे का मांडली, एवढंच मला विचारायचं आहे. त्याच महिन्यात कार्यालयाच्या आवारात नवीन फरशी बसली, तेव्हा तिथे कुणी विचारलं नव्हतं की फरशी की रंग.

हे सगळं मी पुढच्या बैठकीत बोलले. इतकं व्यवस्थित नाही, आवाज कापत होता. विश्वस्त म्हणाले, “तुमच्या भावना समजतात. विचार करू.” अजून विचार चालू आहे. टाळ्या वाजवलेल्यांपैकी सात जणी मात्र नंतर घरी येऊन भेटल्या. एकीने सांगितलं, “अगं, मला वाटलं जायचं नाहीच म्हणताहेत, तर निदान टीव्ही तरी मिळेल.” दुसरीच्या मुलाने ‘कुठं जाणार आई तू ह्या वयात’ म्हटलं होतं, म्हणून तिने टाळी वाजवली होती.

ट्रस्टने भर घातली नाही तर प्रत्येकीला जास्त पडतील, त्याचा हिशेब मी वहीत मांडून ठेवला आहे. बसवाल्याला माझ्या भिशीतून आगाऊ रक्कम दिली, ह्यांना अजून सांगितलेलं नाही, इथे वाचतील. ज्यांना श्रवणबेळगोळच्या पायऱ्या जमणार नाहीत त्यांच्यासाठी डोली मिळते, अक्कांनी विचारून ठेवलं आहे आणि स्वतः मात्र चढणार म्हणतात. मी पायाशी जाऊन ती अक्षरं बघणार आहे.

आजपर्यंत सोळा नावं आली आहेत. बस बत्तीसची आहे.